मुंगसाची वंशावळ

रत्नागिरीचे नाव उच्चारताच ज्या फळाचे स्मरण साऱ्या महाराष्ट्राला होते, त्या फळाचे इंग्रजी नाव घडविण्यात रत्नागिरीचा काडीइतकाही वाटा नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते खरी. परंतु शब्दांच्या इतिहासाला फळांच्या कीर्तीशी कर्तव्य नसते. पोर्तुगीज गलबते प्रथम मलबारच्या किनाऱ्यास लागली, तेथील लोक ज्याला 'मांगा' म्हणत ते फळ त्यांनी जवळजवळ त्याच नावाने आपल्या भाषेत नेले, आणि त्यांच्याकडून ते 'मँगो' होऊन इंग्रजांकडे पोचले. संस्कृत 'आम्र' शब्दाचा सरळ वारस असलेला आमचा 'आंबा' मात्र आपल्या जागीच राहिला. इतकेच नव्हे, तर ज्या कलमाच्या जोरावर रत्नागिरीने जगाची बाजारपेठ काबीज केली, त्या हापुसाचे नावही पोर्तुगिजांच्या 'अफोन्सो' ह्या पुरुषनामाचे कोकणी जिभेवर घडलेले रूप होय. असे असता, ह्याच आंब्याच्या बागेतून, गडग्याच्या आडोशाने, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा वावरणारा एक लहानसा प्राणी मात्र आपले मराठी नाव घेऊन इंग्रजी भाषेत गेला, आणि त्या भाषेच्या मागोमाग आफ्रिका, वेस्ट इंडीज व हवाई बेटे एवढा मुलूख फिरून आला. तो प्राणी म्हणजे मुंगूस.

रत्नागिरी शहराच्या अंगाला लागून असलेले मिरजोळे आज बहुतेकांना औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक आहे. तथापि कारखान्यांची कुंपणे संपली की तेच जुने कोकण सुरू होते: उन्हाने तापलेला जांभ्याचा कातळ, त्याच्या उतारावर आंबा-काजूच्या बागा, आणि एका बागेची हद्द दुसरीपासून वेगळी करणारे, चुना-मातीवाचून नुसते एकावर एक रचलेल्या दगडांचे गडगे. ह्या गडग्यांच्या सांदीकोपऱ्यांत उंदीर, सरडे, पाली आणि फुरशी ह्यांची वस्ती असते, आणि म्हणून मुंगसाचीही असते. दुपारच्या निवांत वेळी कलमाखाली साचलेल्या पातेऱ्यात खसखस ऐकू आली आणि माणूस जागच्या जागी निश्चल राहिला, तर पुष्कळदा त्याचे दर्शन घडते. प्रथम तांबूस झाक असलेले निमुळते तोंड बाहेर येते, मग आखूड पाय आणि लांबट अंग, आणि शेवटी अंगाइतकेच लांब वाटणारे झुबकेदार शेपूट. त्याचा रंग दुरून करडा दिसतो. पण तो एकरंगी करडा नव्हे. त्याच्या प्रत्येक केसावर फिक्या व गडद रंगांची आळीपाळीने वलये असतात, आणि त्या असंख्य वलयांच्या मिश्रणातून ती राखेसारखी, उन्हात झळाळणारी छटा उत्पन्न होते. डोळा तांबडा, आणि त्याची बाहुली मांजरासारखी उभी नसून आडवी. शंका आली की ते मागच्या दोन पायांवर ताठ उभे राहते, चहूकडे मान फिरवते, आणि पुढच्याच क्षणी, ते गेले कोठून हे कळावयाच्या आत, गडग्याच्या फटीत नाहीसे होते. मुंगूस आडवे जाणे हा आमच्याकडे शुभ शकुन मानला जातो, आणि पळत्या मुंगसाने मागे वळून तोंड दाखवावे म्हणून त्याला रामाची शपथ घालण्याचा पोरांचा परिपाठ कोकणात आणि देशावर सारखाच आहे.

ह्या प्राण्याचे इंग्रजी नाव 'मॉन्गूस'. ऑक्सफर्डच्या कोशात ह्या शब्दापुढे 'मराठीवरून' असा स्पष्ट शेरा आहे. इंग्रजी कोशात हिंदुस्थानी शब्द शेकड्यांनी आहेत; पण ते बहुतांशी फारसी-हिंदुस्थानी दरबाराचे, नाही तर तमिळ-मल्याळम् किनाऱ्याचे. मराठीच्या नावे खातेनोंद झालेले शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, आणि त्यांतला सर्वांत रुळलेला, इंग्रजी बोलणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या तोंडी असलेला, असा हाच. तेव्हा ह्या नोंदीस आधार काय, हे तपासून पाहणे मराठी वाचकाला अगत्याचे आहे. कारण शब्दांच्या बाबतीत अभिमानाने केलेले दावे पुष्कळ असतात आणि दस्तऐवजांनी शाबीत होणारे थोडे.

पहिला दस्तऐवज जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज वैद्याचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला, सुरत, मुंबई, गोवा, कारवार अशी पश्चिम किनाऱ्याची बंदरे त्याने पाहिली, आणि १६७५ साली जुन्नरच्या मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून घाट चढून तो तेथेही जाऊन आला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास मुंबईहून रायगडावर गेलेल्या इंग्रज वकिलातीची हकीकत त्याच्या ग्रंथात आहे, आणि त्या कारणाने मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ चांगला परिचित आहे. तो १६९८ मध्ये लंडनला छापला गेला, आणि इंग्रजी छापील वाङ्मयात 'मॉन्गूस' हा शब्द आढळण्याचा कोशकारांना सापडलेला अगदी आरंभीचा दाखला त्यातलाच. विलायतेत सशांच्या शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या फेरेट ह्या प्राण्याशी फ्रायरने मुंगसाची तुलना केली आहे. म्हणजे आपल्या देशी वाचकाला हा प्राणी अपरिचित आहे, नुसत्या नावाने त्याला बोध होणार नाही, हे त्याला ठाऊक होते. ज्या कोकणपट्टीवर आणि देशावर तो वावरला तेथे कंपनीच्या लोकांचा मराठी बोलीशी नित्याचा संबंध होता. आमच्याच जिल्ह्यातील राजापुरास सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांची वखार होती; १६६१ मध्ये महाराजांनी ती लुटून वखारवाल्यांना कैदेत टाकले, आणि राज्याभिषेकानंतर झालेल्या तहाने ती पुन्हा उघडली. वखारीत गोण्या भरलेल्या, गोण्यांभोवती उंदीर, आणि उंदरांसाठी पाळलेले मुंगूस, हा त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वसाधारण प्रकार होता; शब्द उचलला जाण्यास ह्याहून अधिक निमित्त लागत नाही. इंग्रजांच्या आधी शतकभर पोर्तुगीज ह्या किनाऱ्यावर होते, आणि पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन ह्या भाषांतही ह्याच नावाची 'मांगुस्तु', 'मांगूस्त', 'मांगुस्ता' अशी भावंडे आहेत. म्हणून हा शब्द आमच्याकडून पोर्तुगिजांकडे व त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेला असावा, असेही कित्येक कोशकार मानतात.

परंतु ह्या दाव्याला एक प्रतिवादी आहे, आणि त्याची बाजू ऐकून घेतलीच पाहिजे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल ह्या दोघांनी रचलेला व १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश म्हणजे ह्या विषयातील प्रमाणग्रंथ. त्यात हा शब्द तेलुगू असल्याचे सांगितले आहे. मात्र जर्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तो दखनी व मराठी म्हणून दिल्याची प्रांजळ नोंदही तेथेच केली आहे. बर्नेल हा मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी आणि दक्षिणी भाषांचा गाढा पंडित. त्याची दृष्टी प्रथम तेलुगूकडे वळावी हे स्वाभाविकच होते. तेलुगूत ह्या प्राण्याला 'मुंगिस' म्हणतात, कन्नडमध्ये 'मुंगुसी'. मग ह्या तिघांपैकी इंग्रजीचा धनको कोण?

निवाडा करताना पहिल्या अक्षराचा उपयोग होत नाही. जुने इंग्रज लेखक 'उ' ह्या स्वरासाठी जे रोमन अक्षर वापरीत तेच आमच्या 'अ' साठीही वापरीत. 'बंगला' आणि 'पंच' ह्या शब्दांची इंग्रजी रूपे पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. त्यामुळे त्यांच्या कानावर 'मुंगूस' पडले की 'मंगूस', हे नुसत्या लेखनावरून ठरत नाही. निकाल लागतो तो दुसऱ्या अक्षरावर आणि शब्दाच्या शेवटावर. इंग्रजी रूपात दीर्घ 'ऊ' आहे आणि शब्द 'स' ह्या व्यंजनावर थांबतो. तेलुगू रूपात त्या जागी 'इ' असून शेवटी स्वर उच्चारला जातो. कन्नड रूपाच्या अखेरीस ठसठशीत 'ई' आहे. दीर्घ 'ऊ' आणि त्यामागे उघडा पडलेला 'स', अशी दोन्ही लक्षणे एकत्र आढळतात ती मराठी 'मुंगूस' ह्याच रूपात. शब्दाच्या मध्यावरील इकार आणि अखेरचा स्वर परकीयाने दोन्ही गाळले आणि नेमका मराठी उच्चार योगायोगाने साधला, असे मानण्यापेक्षा त्याने जे ऐकले तेच लिहिले असे मानणे अधिक सयुक्तिक. माझ्या मते ऑक्सफर्डच्या कोशकारांचा निर्णय न्याय्य आहे.

तथापि मराठीने इंग्रजीला जे दिले, ते मराठीने स्वतः कोठून मिळविले? संस्कृतात मुंगसाला 'नकुल' म्हणतात. हा शब्द फार जुना. साप तोडून पुन्हा सांधणाऱ्या नकुलाचा दृष्टांत अथर्ववेदात येतो, महाभारतात चौथ्या पांडवाचे हेच नाव आहे, आणि ज्याच्या पुण्याची सर अश्वमेधालाही आली नाही अशा सक्तुदानाची कथा सांगणारा अर्ध्या सोनेरी अंगाचा नकुल त्याच ग्रंथाच्या आश्वमेधिक पर्वात आहे. पाणिनीने 'नख', 'नपुंसक', 'नक्षत्र', 'नक्र' अशा ज्या शब्दांत आरंभीचा निषेधार्थी 'न' जसाच्या तसा राहतो त्यांची एका सूत्रात गणना केली आहे, आणि त्यांत 'नकुल' हाही शब्द आहे. म्हणजे 'ज्याला कुल नाही तो नकुल' अशी फोड व्याकरणाच्या परंपरेला मान्य होती. प्राकृतात मधला 'क' लोप पावून त्याचे 'णउल' झाले, आणि त्यापासून हिंदीचा 'नेवला' व गुजरातीचा 'नोळियो' हे सरळ वंशपरंपरेने आले. मराठी ही त्याच प्राकृत कुळातली भाषा. तिच्याही वाट्यास ही वडिलार्जित मिळकत यावयाची होती. परंतु तिने ती बाजूस ठेवली आणि शेजाऱ्याकडचा शब्द घेतला.

तो शेजारी कोण हे सांगावयास पाहिजे असे नाही. तेलुगू 'मुंगिस' आणि कन्नड 'मुंगुसी' ही रूपे बरो आणि एमेनो ह्या दोन भाषापंडितांनी १९६१ मध्ये प्रथम व १९८४ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या द्राविडी भाषांच्या व्युत्पत्तिकोशात एकाच मूळ शब्दाखाली एकत्र दिलेली आहेत. द्राविडी भाषा संस्कृतापासून निघालेल्या नसून त्यांचे घराणे स्वतंत्र आहे, हे फ्रान्सिस व्हाइट एलिस ह्याने १८१६ मध्ये मांडले आणि बिशप कॉल्डवेलने १८५६ मध्ये विस्ताराने सिद्ध केले. ह्या घराण्याच्या थेट सरहद्दीवर मराठी वाढली; चालुक्य आणि राष्ट्रकूट ह्यांच्या राज्यांत मराठी व कन्नड बोलणारी प्रजा एका छत्राखाली नांदली, आणि घरगुती वापरातले कितीतरी शब्द इकडून तिकडे झाले. पानावरचे 'तूप', पानाच्या तबकातला 'अडकित्ता', वडीलधाऱ्यांना मारावयाच्या 'अण्णा' आणि 'अक्का' ह्या हाका, हे सर्व त्याच व्यवहाराचे अवशेष. मुंगसाचे नाव त्यांच्याच पंगतीतले. तेव्हा इंग्रजीच्या कोशात 'मराठीवरून' असा शेरा वाचून आनंद व्हावा, पण त्या आनंदात कन्नड आणि तेलुगू शेजाऱ्यांचा भागही मान्य करावा, असे मला मनापासून वाटते. मराठी ही येथे शब्दाची जननी नव्हे. तिने त्याला आपल्या घरी वाढवून, त्याचे रूप पालटून पुढे पाठविले.

आणि रूप किती पूर्णपणे पालटले पाहा. घेतलेला शब्द भाषेत खरोखर मुरला की नुसता वस्तीस राहिला, ह्याची कसोटी व्याकरण लावते. 'माणूस' शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की मधला 'ऊ' गळून 'माणसाला' होते. 'कापूस' 'कापसाचा' होतो. ही मराठीची अगदी अंतरंगातली चाल आहे. अलीकडे आलेले परकी शब्द तिला सहसा वश होत नाहीत, आणि 'बस' किंवा 'फाईल' ह्यांना प्रत्यय लावताना आपण त्यांच्या अंगाला हात लावीत नाही. 'मुंगूस' मात्र निमूटपणे 'मुंगसाला', 'मुंगसाचे' असे होते. ज्या मोलस्वर्थ साहेबांनी १८३१ साली व पुन्हा १८५७ साली मराठीचा थोरला कोश सिद्ध केला, त्यांच्या काळी ह्या शब्दाचे परकेपण कोणाला आठवतही नव्हते. गंमत अशी की इंग्रजांनी उचलले ते केवळ प्रथमेचे रूप. 'मुंगसाने साप मारला' ह्या वाक्यातला ऱ्हस्व, दबलेला उच्चार त्यांच्या कानी टिकला असता, तर आजच्या इंग्रजी शब्दात तो लांबट 'ऊ' नसता.

ह्याच 'ऊ'मुळे पुढे एक घोटाळा झाला, आणि तो भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा आहे. इंग्रजीत 'गूस' म्हणजे बदकाच्या जातीचा मोठा पक्षी, कलहंस. 'मुंगूस' ह्या शब्दाचा उत्तरार्ध इंग्रज कानाला त्या पक्ष्याच्या नावासारखा लागला आणि शेवटी लेखनातही तसाच कायम झाला. अर्थाचा काडीमात्र संबंध नसता ओळखीच्या शब्दाचा पोशाख अनोळखी शब्दावर चढविण्याची ही खोड सर्व भाषांना असते. परंतु येथे योगायोग असा की, ज्या 'गूस'चा मुंगसाशी काही संबंध नाही त्याचा आमच्याशी मात्र फार जवळचा संबंध आहे. कारण 'गूस' आणि संस्कृत 'हंस' हे दोन्ही एकाच पूर्वजाचे वंशज होत.

ध्वनीत एवढे अंतर असता हे कशावरून म्हणावयाचे? सर विल्यम जोन्स ह्यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले, आणि पुढील शतकभर युरोपातील पंडितांनी त्या प्रतिपादनाला नियमांची बैठक दिली. त्या नियमांपैकी एक असा की मूळ आर्य भाषेतील एक विशिष्ट महाप्राण कंठ्य ध्वनी संस्कृतात 'ह' होतो आणि जर्मन-इंग्रजी कुळात 'ग'. 'हिरण्य' आणि इंग्रजी 'गोल्ड' एकाच धातूपासून निघतात. काल ह्या अर्थी संस्कृत 'ह्यस्', त्याला जर्मनमध्ये 'गेस्टर्न'. म्हणून 'हंस' शब्दाला जर्मनमध्ये 'गान्स' आहे, आणि लॅटिनात आरंभीचा 'ह' गळून 'आन्सेर' झाले आहे. मग इंग्रजीतला 'न' कोठे गेला? 'स', 'फ', 'थ' ह्यांसारख्या ऊष्म व्यंजनांपूर्वीचा अनुनासिक गिळून त्याऐवजी आधीचा स्वर लांबविणे ही जुन्या इंग्रजीची सवय होती. संस्कृत 'दन्त', इंग्रजी 'टूथ'. संस्कृत 'पञ्च', इंग्रजी 'फाइव्ह'. दोहोंतही अनुनासिक हरपले आहे. 'गान्स'चे तसेच 'गोस' झाले, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास इंग्रजीतील सगळे दीर्घ स्वर आपल्या जागेवरून सरकले तेव्हा 'गोस'चे 'गूस' झाले. हंस आणि गूस ह्यांचे नाते कानाने ओळखू येत नाही, नियमाने ओळखू येते. उलट मुंगूस आणि गूस ह्यांचे नाते कानाला पटते पण नियमापुढे टिकत नाही. असलेच एक फसवे साम्य आपल्या स्वयंपाकघरातही आहे: उडदाच्या शास्त्रीय नावात 'मुंगो' हा शब्द आहे, तो मुंगसावरून नव्हे, मुगावरून आला आहे.

शाळकरी मुलांना भांबावून सोडणारी एक अडचण ह्या वंशावळीने आपोआप सुटते. 'गूस'चे अनेकवचन 'गीस', तर 'मॉन्गूस'चे 'मॉन्गीस' का नाही? कारण 'गीस'मधला स्वरबदल हा जुन्या जर्मानिक भाषेत शब्दापुढे लागणाऱ्या एका इकारयुक्त प्रत्ययाने मागच्या स्वरावर घडविलेला परिणाम आहे; तो प्रत्यय हजाराहून अधिक वर्षांपूर्वी झिजून गेला, पण त्याने केलेला बदल मागे राहिला. ज्या काळी हे घडत होते त्या काळी आमचा मुंगूस इंग्रजीच्या वेशीवरही नव्हता. तो आला सतराव्या शतकात, आणि नव्याने आलेल्या शब्दाला साधा 'स'कारी प्रत्ययच लागतो.

नाव पश्चिमेस पोचण्याच्या कितीतरी आधी ह्या प्राण्याची कथा तिकडे पोचली होती, आणि माझ्या दृष्टीने ह्या साऱ्या वृत्तांतातला सर्वांत हृद्य भाग हाच. पंचतंत्राच्या अखेरच्या तंत्रातली ती गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते: ब्राह्मणीने घरी वाढविलेला मुंगूस पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवितो, आणि त्याचे रक्ताने माखलेले तोंड पाहून तीच त्याचा जीव घेते. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रू अनोशिरवान बादशहाच्या आज्ञेने बुर्झोए नावाच्या वैद्याने हा ग्रंथ पहलवी भाषेत नेला. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्यावरून अरबी 'कलीला व दिम्ना' रचला, आणि तेथून तो हिब्रू, लॅटिन अशी मजल दरमजल करीत सगळ्या युरोपभर पसरला. परंतु कथा पुढे जाई तसतसा तिचा नायक मागे राही. ज्या देशांत मुंगूस नाही तेथे त्याच्या नावालाही जागा नव्हती. अरबीत त्याच्या ठिकाणी वीझलच्या जातीचा प्राणी आला आणि युरोपात शेवटी इमानी कुत्रा. फ्रान्समध्ये तेराव्या शतकात लियोंजवळच्या खेडुतांनी गिन्फोर नावाच्या अशाच एका कुत्र्याला संतपद देऊन त्याच्यापाशी आजारी मुले नेण्याचा प्रघात पाडला. वेल्समधील बेडगेलर्ट गावी लिवेलिन राजाच्या गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधी आजही दाखवितात, आणि ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी आणणारी दंतकथा पंचतंत्रातलीच आहे. म्हणजे आधी कथा गेली ती नावावाचून. आणि सुमारे हजार वर्षांनी नाव गेले ते कथेवाचून. दोघांची गाठ पडावयास १८९४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये रिक्की-टिक्की-टावी नावाच्या मुंगसाने बंगल्यातल्या इंग्रज मुलाला नागापासून वाचविले, आणि इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत 'मॉन्गूस' हा शब्द एकदाचा ओळखीचा झाला.

शास्त्रज्ञांनी तो शब्द त्याआधीच आपल्या लॅटिनमध्ये घेतला होता, आणि तोही प्रथम प्राण्यासाठी नव्हे तर वनस्पतीसाठी. सापाशी झुंजल्यावर मुंगूस रानातली एक मुळी चावतो व तिने विष उतरते, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे, आणि म्हणूनच त्या वनस्पतीला मुंगूसवेल हे नाव पडले. ती समजूत युरोपात गेली, आणि लिनीअसने १७५३ मध्ये सर्पमुळीच्या एका जातीला 'मुंगोस' हे नाव दिले. आधुनिक संशोधन सांगते की मुंगसाला मुळीची गरज नाही: नागाच्या विषातील जे द्रव्य इतर प्राण्यांच्या स्नायूंवरील ग्राहकांना चिकटून त्यांना लुळे करते, त्याला मुंगसाच्या ग्राहकांवर पकड मिळत नाही, कारण त्यांची घडणच किंचित निराळी आहे. बाकीचे काम त्याची चपळाई करते. लिनीअसनेच १७६६ मध्ये मादागास्कर बेटावरील एका लेमूरला 'मोंगोझ' म्हटले, आणि आफ्रिकेतील पट्टेरी मुंगसाचे शास्त्रीय नाव 'मुंगोस मुंगो' असे दुहेरी होऊन बसले. आमच्या गडग्यावरच्या करड्या मुंगसाच्या शास्त्रीय नावात मात्र मुंगूस हा शब्द नाही. ज्याचे नाव होते तो त्याला मुकला, आणि ज्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही त्याला ते मिळाले.

शब्दाचा ह्यापुढचा प्रवास उसाच्या मळ्यांतून झाला. जमेकातल्या मळ्यांत उंदरांनी उसाची नासधूस मांडली होती, म्हणून एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने १८७२ मध्ये कलकत्त्याहून लहान जातीची नऊ मुंगसे मागविली, चार नर आणि पाच माद्या. ती तेथे झपाट्याने वाढली; जमेकातून वेस्ट इंडीजच्या इतर बेटांवर आणि १८८३ मध्ये हवाईतही नेण्यात आली, आणि उंदरांबरोबर जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा व सरपटणाऱ्या प्राण्यांचा त्यांनी असा संहार केला की त्या बेटांवरील कित्येक जाती त्यामुळे धोक्यात आल्या. हा दोष मुंगसाचा नव्हे; त्याला त्याच्या मुलखातून उचलून नेणाऱ्यांचा होय. ती नऊ मुंगसे ज्या बंगाल्यातून जहाजावर चढली तेथे त्यांना कोणी मुंगूस म्हणत नाही. बंगालीत त्याचे नाव 'बेजी', आणि दुसरे 'नेउल', म्हणजे तोच जुना नकुल. परंतु जहाजाच्या मालाच्या भाषेत एव्हाना पश्चिम किनाऱ्यावरचे नाव कायम झाले होते, आणि किंग्स्टनच्या बंदरात ते प्राणी उतरले ते त्याच नावाने. जमेकाच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या मुलानातवंडांनी ते नाव उचलले, आपल्या बोलीत रुळविले, आणि मिरजोळ्याच्या गडग्याआडून पळणाऱ्या प्राण्याला जे नाव आहे त्याच नावाने आजही ते आपल्याकडच्या ह्या प्राण्याला ओळखतात.